कावळा आणि शिशाची तार

माझी बायको बायजा गेली ते मला कल्याणला कळलं. मी तिथल्या एका तांबटाच्या दुकानात बसलो होतो. आमच्या गिरणीच्या विजेच्या दिव्यांसाठी शिशाची तार ओढून आणायला मला पाठवलं होतं. सोनार ज्या भोकाभोकांच्या पट्टीतून तार ओढतात, त्या जंत्रीतून तांबट शिसं ओढत होता. शिसं मऊ, दर खेपेला तुटायचं, आणि दर खेपेला तांबट माझ्याकडे बघायचा, जसं काही मीच ते चावून तोडलं.

तेवढ्यात माझा चुलतभाऊ गणू दारात आला. तो आमच्या कोपरी गावचा, माझ्या शेजारच्याच घरातला. त्याआधी तो आगगाडीत कधी बसला नव्हता.

"काय रे, इथे कसा?" मी विचारलं.

"असाच," गणू म्हणाला. "कल्याण बघाला आयलो."

तो माझ्या शेजारी बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हैस व्यायली."

"कोणाची?"

"कोनाची तरी."

मग त्याने तार हातात घेऊन बघितली. चांगली आहे म्हणाला. जाड आहे म्हणाला. कल्याणही चांगलं आहे म्हणाला. तांबट ओढायचा थांबला आणि हळूच म्हणाला, "अहो पाव्हणं, घरी कोणी गेलं का?"

तेव्हा गणू मोठ्याने रडायला लागला.

सकाळी बायजाला ताप होता. मी जात नाही म्हटलं, तर ती म्हणाली होती, "जा तू. मी काय कुठं पलून जात नाय."

तांबटाने होती तेवढी तार गुंडाळून माझ्या खांद्यात अडकवली. ती माझ्या खांद्यावरून कोणी काढली नाही. गाडीत होती, घरी होती, खाडीवर बायजाला अग्नी दिला तेव्हाही होती, असं हौसामामी सांगते. मला आठवत नाही.

हौसामामी म्हणजे बायजाची आई. माझ्या सख्ख्या मामाची बायको, म्हणून मला लहानपणापासून मामी. सासू झाली तरी मामीच राहिली, आणि अरे-तुरेच करत राहिली.

आता दिव्यांचं सांगतो. आमची गिरणी ठाण्यात खाडीकाठाला आहे. अठराशे नव्वदच्या सुमाराला शेठनी तिथे विजेचे दिवे आणले. इंजिनावर पट्टा, पट्ट्यावर डायनॅमो, डायनॅमोतून तारा, आणि तारांना काचेचे दिवे. डायनॅमोची सगळी देखभाल गॅब्रिएल मिस्त्रीकडे. तो ठाण्यातलाच, भातशेती असलेल्या ख्रिस्ती घरातला, पण मुंबईत गोदीत राहून यंत्र शिकून आलेला. मी त्याच्या हाताखाली. त्याआधी मी मिठागरावर होतो, बाप होता तसा.

दिव्याच्या वाटेत एके ठिकाणी तांब्याची तार तोडून मध्ये शिशाचा तुकडा बसवलेला असतो. त्याला साहेब लोक फ्यूज म्हणतात. ताकदीबाहेर वीज आली की तो तुकडा वितळतो, वाट तुटते, दिवे जातात. डायनॅमो वाचतो. आमच्याकडे तो तुकडा जवळजवळ रोज वितळायचा. डायनॅमो रोज वाचायचा आणि आम्हाला रोज शिव्या बसायच्या.

कोपरीतून, आमच्या घरामागच्या बांधावरून, गिरणीच्या खिडक्या दिसतात. संध्याकाळी बायजा तिथे उभी राहायची. खिडक्या काळ्या झाल्या की तिला कळायचं, आज आनंदा उशिरा येणार, आत्ता भात लावायचा नाही. घरी पोचलो की तिचा पहिला प्रश्न, "आज गेला की राहिला?"

"गेला."

मग ती हसायची. "तुजा दिवा हाय का जावय हाय? जरा काय झालं की रुसून बसतो." आणि कधीतरी म्हणायची, "एकदा मना आत न्हेऊन दाव. पण न विझता."

दहाव्याला आम्ही सगळे खाडीच्या बांधावर जमलो. भटजींनी पिंड मांडला. तिवरांवर कावळे खूप होते. एक अगदी जवळ येऊन बसला, पिंडाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि मान फिरवली.

ऊन चढलं. कावळा काही शिवेना. भटजी म्हणाले, "बाईंची काही इच्छा राहिली असेल. ज्याला जे बोलायचं ते बोला."

गणू पुढे झाला, हात जोडले. "वहिनी, तुजी तांबरी कोंबरी मी न्हेली. परत आनून देतो."

"म्हंजे ती कोल्ह्यानं नाय न्हेली?" मामी म्हणाली.

"नाय."

कावळा एक पाऊल पुढे आला. मग थांबला. लगेच शेजारची रंगूबाई रडत म्हणाली, "बाय गो, तुजा पाटा माज्याकडं हाय. उद्या आनून ठेवतो." कावळा जागचा हलला नाही. तिचा नवरा म्हणाला की माशांची टोपली पण आहे. आणखी कोणीतरी पागेराचं, म्हणजे फेकून मासे धरायच्या जाळ्याचं, नाव काढलं.

मामीने कमरेवर हात ठेवले. "अजून कोनाकोनाकडं माज्या पोरीचं काय काय हाय ते एकदाच बोला. कावल्याला पन घरी जायचंय."

भटजींनी तोवर दर्भ वळायला घेतला होता. खरा कावळा येत नसला की गवताचा करून शिवतात. मामीने बघितलं. "भटजी, तो गवताचा कावला तुमच्या घरी न्ह्या. माज्या पोरीला खरा पायजे."

मग मीच पुढे झालो. जे तोंडात आलं ते बोललो. "बायजा, गिरणीतला दिवा तुझ्या माणसांना आत नेऊन दाखवीन. संध्याकाळभर. मध्ये न विझता."

कावळा उतरला आणि सरळ पिंडावर बसला. नुसता शिवला नाही, चांगला खाल्ला.

मामीने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "आयकलं ना? सगल्यांनी आयकलंय. आता दिवा विझला तर माजी पोर अडकली. तुज्या शिशात."

मी कामावर गेलो आणि गिरणीच्या मॅनेजरांना, गुरुदत्तरावांना, सगळं सांगितलं. ते पुण्याचे. चष्मा काढून त्यांनी विचार केला. "महिनाअखेर शेठ येणार आहेत. त्यांनाही दिवे न विझता बघायचे आहेत. म्हणजे तुमची बायको आणि आमचे शेठ यांचं म्हणणं एकच आहे. आधी तुमच्या माणसांना बोलवा. जमलं तर शेठना दाखवू."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुमची माणसं काही मला कामावरून काढणार नाहीत."

ते स्वतः डायनॅमोच्या खोलीत आले. गॅब्रिएल खाली बसून जेवत होता. सुकट आणि भाकरी. गुरुदत्तरावांनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "मिस्त्री, सोपं आहे. शिसं वितळतं ना? तांबं घाला. चांगलं अंगठ्याएवढं जाड. विझायचा प्रश्नच नाही."

"घालतो," गॅब्रिएल म्हणाला. "मग साहेब, डायनॅमोच्या दहाव्याला तुमी या. कावला कोनासाठी आडतो ते बगू."

गुरुदत्तराव रागावले नाहीत. "मग समजावून सांगा मला. जी तार वितळावी म्हणूनच बसवायची, ती निवडायची कशी?"

गॅब्रिएलने माझ्याकडे बोट केलं, कारण त्याच्या तोंडात घास होता. मी सांगितलं. आमच्याकडे खारजमिनीच्या बांधाचा एक तुकडा मुद्दाम कच्चा ठेवतात. मोठं उधाण आलं तर पाणी तिथून फुटावं, घराकडून फुटू नये म्हणून. तो तुकडा फारच कच्चा ठेवला तर रोजच्या भरतीला फुटतो आणि रोज चिखल काढत बसावं लागतं. फार पक्का केला तर घर वाहून जातं आणि तो तुकडा तेवढा शिल्लक राहतो. रोजच्या भरतीला टिकेल आणि उधाणाला फुटेल, एवढाच कच्चा पाहिजे.

"मग आपला रोज फुटतो तो का?"

गॅब्रिएलने घास गिळला. "कारन तार पहिल्या दिव्यांच्या हिशेबाची हाय. नंतर तुमी हापिसात दिवे लावले. गोदामात लावले. जिन्यावर लावले. संडासात पन लावला."

"तो शेठनी सांगितला होता," गुरुदत्तराव म्हणाले.

मग आम्ही तिघांनी मिळून नीट बघितलं. सगळे दिवे एकदम लागले तर किती वीज जाते, त्याला पुरून थोडी उरेल एवढी जाड तार आम्ही ठरवली, पण डायनॅमो तापायच्या आधी वितळेल एवढीच. दिव्यांच्या प्रत्येक रांगेची छोटी तार मोठ्या तारेपेक्षा बारीक, म्हणजे एका रांगेत काही झालं तर तेवढीच रांग जावी, गिरणी जाऊ नये. आणखी एक गोष्ट गुरुदत्तरावांच्याच लक्षात आली. त्यांनी भिंतीला हात लावला आणि ओरडून मागे घेतला. शिशाच्या तारा बसवलेली पाटी बॉयलरच्या भिंतीवर होती. शिसं बिचारं कामाला लागायच्या आधीच अर्धं शिजलेलं असायचं. पाटी आम्ही खाडीकडच्या थंड भिंतीवर नेली. तारेची टोकं ज्यांत अडकवतात त्या पितळी खुंट्यांचे ढिले स्क्रू आवळले. तार मी कल्याणहून आणलेलीच घेतली.

मोठ्या तारेची एक भीती होती. जाड शिसं वितळताना फुटतं, ठिणग्या उडतात, आणि तार गेली तरी दोन खुंट्यांच्या मध्ये वीज उडी मारत राहते. गॅब्रिएलची अर्धी मिशी त्यातच गेली होती आणि उरलेली अर्धी तो शोभेसाठी ठेवून होता.

गुरुदत्तरावांनी डायनॅमोबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की अशी मोठी तार चिनी मातीच्या पेटीत घालावी आणि पेटी वाळूने भरावी. ठिणगी वाळूत मरते. पेटी डायनॅमोबरोबर आली होती, रिकामीच. वाळू पांढरी, स्वच्छ, कोरडी आणि दाणेदार हवी.

आम्ही दारातून खाडीकडे बघितलं. खाडीला काळा चिखल आहे.

"कल्यानपलीकडं शहाडला नदीत वाळू मिलते," गॅब्रिएल म्हणाला.

"ती तांबूस असते. त्यात शिंपल्यांचे तुकडे असतात," मी म्हणालो. मी बघितली होती.

"पुस्तकात पांढरी लिहिली आहे," गुरुदत्तराव म्हणाले. "पांढरीच हवी."

मग मी म्हणालो, पांढरं, स्वच्छ, कोरडं, दाणेदार, हे सगळं आमच्या कोपरीच्या मिठागरात ढिगाने पडलेलं आहे.

कोणी हसलं नाही. गॅब्रिएल विचार करून म्हणाला, "मिठानं मासा टिकतो. तार का नाय टिकनार?" गुरुदत्तरावांनी पुस्तक पुन्हा चाळलं आणि मीठ घालू नये असं कुठेही लिहिलेलं नाही, अशी खात्री करून घेतली. मामीला सांगितलं तर तिला फार आवडलं. नाहीतरी दृष्ट काढायला मीठच लागतं. तिने स्वतः निवडून, पाखडून, उन्हात वाळवून एक टोपली मीठ दिलं, आणि आम्ही पेटी भरली.

खाडीवरचा वारा सुटला की आमच्याकडे मिठाच्या मडक्याखाली ओल येते. हे मला माहीत होतं. मामीला माहीत होतं. कोपरीतल्या एकूण एक बाईला माहीत आहे, आणि गॅब्रिएलच्या घरीही मिठाचं मडकं आहे. पण मडक्यातल्या मिठाची गोष्ट पेटीतल्या मिठाला लागू होते, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मडकं स्वयंपाकघरात होतं आणि पेटी गिरणीत होती.

ठरलेल्या संध्याकाळी सगळी कोपरी आली. बायका खिडक्यांशी, पुरुष अंगणात. मामी डायनॅमोच्या खोलीत माझ्या शेजारी उभी. तिच्या पदरात केळीच्या पानात बांधलेला भात होता. "सगलं नीट झालं की कावल्याला घालीन. शिवला तर पोर सुटली," ती म्हणाली.

"कावळे झोपले असतील, मामी."

"झोपले तर उठतील."

गॅब्रिएलने पट्टा चढवला. डायनॅमो गुरगुरायला लागला. दिवे लागले. कोपरीच्या बायकांनी एकदम श्वास घेतला, तो मला आत ऐकू आला.  मामी एका दिव्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "धूर नाय याला."

दिवे राहिले. छोट्या तारा राहिल्या, मोठी तार राहिली. बाहेर अंधार झाला आणि खाडीवरून वारा आला. रंगूबाईने खिडकीतून विचारलं, घासलेट कुठून घालतात. दिवे राहिलेच. मी मनात बायजाला म्हणत होतो, बघ, राहिला.

गुरुदत्तरावांना लोकांचं कौतुक फार गोड लागलं असावं. ते अंगणातून ओरडले, "मिस्त्री, फाटकावरचा मोठा दिवाही लावा!" तो शेठसाठी राखून ठेवलेला होता. एकटाच गिरणीच्या एका सबंध खात्याएवढी वीज खाणारा. हिशेबात आम्ही तो धरलाच नव्हता.

"साहेब, नको!" गॅब्रिएल ओरडला. पण खटका फाटकापाशीच होता आणि साहेबही फाटकापाशीच होते.

मोठा दिवा लागला. अंगण पांढरं झालं. फाटकाजवळच्या उंबरावरचे कावळे पहाट झाली समजून जागे झाले आणि एकदम ओरडायला लागले. मामीने माझा हात धरला. "आयले!"

त्याच वेळी पेटीत फट्‌ असा आवाज झाला. तार वितळली. आम्ही निवडली होती तशीच, बरोबर वेळेला वितळली. आता दिवे जायला हवे होते.

ते गेले नाहीत. लाल झाले. अर्ध्या पिकलेल्या करवंदाएवढे लाल, आणि तसेच टांगून राहिले. पेटीतून चर्र आवाज यायला लागला आणि नाकाला झोंबणारा वास सुटला. तार मेली होती, पण ओलं मीठ वीज नेत होतं.

"गेला?" खिडकीतून कोणीतरी विचारलं.

"नाय, हाय."

"हाय कुठं? लाल झालाय."

मामीने मला विचारलं, "आनंदा, गेला की राहिला?"

मी दिव्याकडे बघितलं, मग पेटीकडे.

तेवढ्यात आग लागली असं समजून गणू बादली घेऊन धावत आला आणि गॅब्रिएल "नको!" म्हणेपर्यंत त्याने ती पेटीवर ओतली. मिठाला पाणी मिळालं. दिवे पुन्हा लखलखीत लागले.

कोपरीने टाळ्या वाजवल्या. गणूच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या होत्या आणि केस उभे राहिले होते, पण टाळ्या ऐकून त्याने दुसरी बादली उचलली. पेटी उकळत होती. डायनॅमोतून जळका वास यायला लागला होता. गॅब्रिएलने एका हाताने गणूची मानगूट धरली, दुसऱ्या हाताने बांबू घेतला आणि फिरता पट्टा ढकलून खाली पाडला.

सगळं काळं झालं. कावळेही गप्प झाले.

अंधारात मामीचा आवाज आला. "गेला."

"गेला नाय!" गॅब्रिएल म्हणाला. "मी घालवला. आपनहून गेला नाय तो. मामी, यात फरक हाय."

"तार वितळली होती हे मात्र खरं," गुरुदत्तराव म्हणाले. ते फाटकापासून चाचपडत आले होते. "पण दिवे त्यानंतरही लागलेले होते. हा प्रश्न कठीण आहे."

"साहेब, तुमी गप बसा," मामी म्हणाली. "तुमच्या त्या मोठ्या दिव्यानंच घात केला." मग म्हणाली, "पन कावले त्यानंच उठले. ते पन खरं."

सकाळी निकाल लावायचं ठरलं. उजाडल्यावर मामीने बांधावर भात ठेवला. गॅब्रिएलही आला, कारण त्याला स्वतःची बाजू मांडायची होती. येताना त्याने डबा आणला होता आणि तो जवळच दगडावर ठेवला होता. कावळा आला. भाताकडे बघितलं. आमच्याकडे बघितलं. मग उडी मारून डब्यावर बसला, फडकं ओढलं आणि सुकट घेऊन गेला.

"शिवला!" गणू म्हणाला.

"सुकटीला शिवला," मामी म्हणाली. "माज्या भाताला नाय. धरत नाय मी."

"बायजाला सुकट आवडायची," मी म्हणालो.

मामीने माझ्याकडे बघितलं. तिला हे माहीत होतं. तिनेच बायजाला सुकट करायला शिकवली होती. तिने पानावरचा भात नीट केला. मग म्हणाली, "आवडायची. पन तू सुकट बोलला नव्हतास. दिवा बोलला होतास."

डायनॅमो वाचला, थोडक्यात. पेटी फुटली, दुसरी आली. पितळेच्या खुंट्या हिरव्या पडल्या होत्या, त्या मी चिंचेने घासल्या. शेठचं येणं दिवाळीवर गेलं. गॅब्रिएलची दुसरी अर्धी मिशी गेली आणि आता तो बरा दिसतो. गणूने कोंबडी आणून दिली, पण ती तांबडी नाही.

मोठा दिवा हिशेबात धरून आम्ही नवी तार निवडली आहे, पण वाळूची पेटी भरेपर्यंत जुनी बारीक तारच लावलेली आहे आणि ती रोज वितळते. शहाडला जाऊन मी वाळूही आणली. तांबूस आहे. शिंपले वेचले, खाडीचं पाणी लागू न देता विहिरीच्या पाण्याने धुतली. पण तोवर पाऊस लागला आणि वाळू माझ्या घरात सुपात पसरून ठेवली आहे. मीठ जिथे पाझरतं तिथे वाळूही लवकर वाळत नाही. मी रोज तिच्यातून हात फिरवतो.

गिरणीतून परत येतो तेव्हा बांधावर मामी उभी असते. तिचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, पण ती तिथे येऊन उभी राहते आणि विचारते, "आज गेला की राहिला?"

"गेला," मी सांगतो.

मग ती मला घेऊन घरी येते आणि भात लावते.

वाळू वाळायची आहे. पेटी भरायची आहे. बायजाला दिलेला शब्द पुरा व्हायचा राहिला आहे.